जुन्या स्कूटरला घरीच रंग मारायचाय, पेंट कुठला घेऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडिलांची चेतक मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः रंगवली, हे कळल्यापासून ओळखीपाळखीचे फोन येतात आणि त्यातला पहिला प्रश्न ठरलेला असतो. पुढचेही ठरलेले. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी पेंटर नाही. एक स्कूटर, मोटारसायकलींच्या दोन टाक्या आणि एका मारुतीचा बंपर एवढीच माझी पुंजी. बाकीचं शहाणपण आमच्या कोपऱ्यावरच्या गाळ्यातल्या पेंटरकाकांचं. त्यांनी ते शिव्यांसकट दिलं, मी शिव्या गाळून देतोय.

एका वाक्यात सांगा, कुठला पेंट घेऊ?

जो चुकल्यावर पुसता येतो तो. म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) किंवा वन-के (एकाच डब्यातला, दुसरं काही मिसळावं न लागणारा) अ‍ॅक्रिलिक, तोही साध्या रंगात, मेटॅलिक नको.

हे दोन्ही पेंट फक्त थिनर उडून गेल्यामुळे वाळतात. आत कुठलीही रासायनिक क्रिया होत नाही. त्यामुळे वाळलेला थरसुद्धा पुन्हा थिनरमध्ये विरघळतो. ओघळ आला, माशी चिकटली, हात लागला, तर तेवढ्या जागेपुरतं फडकं फिरवायचं आणि पुन्हा सुरू करायचं. पहिल्यांदा स्प्रे गन हातात धरणाऱ्याला याहून मोठी सवलत कुणी देत नाही. या पेंटचं दुखणंही याच गुणातून येतं: थिनरला शरण जाणारा रंग पेट्रोललाही फार काळ तोंड देत नाही. त्यावर पुढे येतोच.

दुकानदार ड्युको, एनसी, पीयू, ऑइल पेंट असं काय काय म्हणतो. फरक काय?

ड्युको आणि एनसी हे बहुतेक दुकानांत एकाच गोष्टीचं नाव आहे. ड्युपाँट कंपनीनं जनरल मोटर्सच्या सोबतीनं नायट्रोसेल्युलोजचा लॅकर मोटारींसाठी आणला, त्याचं नाव ड्युको. १९२३ मध्ये तो ओकलंड गाड्यांवर निळ्या रंगात झळकला. त्याआधी गाडीला रंग म्हणजे व्हार्निशच्या जातीचे थरांवर थर, आणि एकेक गाडी वाळायला आठवडेच्या आठवडे. ड्युकोनं ते काम काही तासांवर आणलं. शंभर वर्षं झाली, कंपनीचं नाव लोक विसरले, पण आपल्याकडे अजूनही कपाटाच्या फळीला चकचकीत रंग मारला तरी सुतार 'ड्युको केलंय' म्हणतो.

एनसी म्हणजे तेच नायट्रोसेल्युलोज. जुन्या मूकपटांच्या रिळांमध्येही हाच पदार्थ असायचा आणि ती रिळं भडकन पेट घ्यायची, हे लक्षात ठेवून डबा उघडा.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. यात रंगाच्या डब्यासोबत हार्डनरची बाटली येते. दोन भाग म्हणून टू-के. दोन्ही मिसळले की क्रिया सुरू होते आणि भांड्यातला रंग काही तासांत वापरावाच लागतो. वाळला की मात्र दगड: पेट्रोल, ऊन, थिनर, कशाला दाद देत नाही. बाजारातल्या गॅरेजमध्ये अपघाताच्या गाड्यांवर हाच मारतात.

ऑइल पेंट म्हणजे सिंथेटिक इनॅमल, आपल्या ग्रीलला आणि गेटला मारतात तो. हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश कडक होतो. ब्रशनंही लागतो, स्वस्तही आहे. पण एका रात्रीत धड वाळत नाही आणि तोवर पार्किंगमधली सगळी धूळ गोळा करतो. शिवाय पुढे कधी त्यावर एनसी मारायला गेलात तर एनसीचं थिनर त्याला उचलतं आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या येतात. बैलगाडीला, ट्रॉलीला, सायकलच्या स्टँडला इनॅमल चालेल. ज्या स्कूटरवर तुमचं प्रेम आहे तिला नको.

पीयू टिकतो म्हणता, मग पहिल्यापासून तोच का नको?

कारण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. या उत्तरापाशी जरा थांबा, कारण यूट्यूबवर उघड्या तोंडानं पीयू मारणारे लोक बघून बरेच जण म्हणतात, 'त्यांना कुठे काय होतं?'

आयसोसायनेटचा फवारा श्वासातून गेला की काही जणांच्या शरीराला त्याची कायमची अ‍ॅलर्जी बसते आणि दमा लागतो. कुणाला बसेल, कितव्या वेळी बसेल, हे आधी कळत नाही. एकदा बसली की पुढे अगदी थोड्या प्रमाणातही दम कोंडतो, म्हणून पेंटरला पेशाच सोडावा लागल्याची उदाहरणं जगभर आहेत. दुसरी अडचण वासाची. थिनरचा वास आल्यावर आपल्याला कळतं की मास्क गळतोय. आयसोसायनेट धोक्याच्या पातळीला गेलं तरी नाकाला पत्ता लागत नाही. म्हणून ज्या देशांत नियम कडक आहेत तिथे पीयू मारताना बाहेरून नळीनं स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लावतात. तुमच्या-माझ्या पार्किंगमध्ये ते नाही. वर, पार्किंगच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकूंची खिडकी असते.

हल्ली टू-केचे स्प्रे कॅनही मिळतात. बुडाशी बटण असतं, ते दाबलं की आत हार्डनर फुटतो. कॅन दिसायला गरीब आहे, आत माल तोच.

पण टाकीवर पेट्रोल सांडतंच. मग एनसी काय कामाचा?

खरंय. पंपावरचा पोऱ्या नोझल काढताना चार थेंब टाकणारच. एनसीवर आणि साध्या कॅनच्या क्लिअरवर (रंगावर मारायचा पारदर्शक थर) ते थेंब राहिले की रंग मऊ पडतो आणि झाकणाभोवती डागांची कडी तयार होते.

यावर मी केलेली तडजोड अशी: घासणं, लांबी (पोचे आणि ओरखडे भरायचा लगदा), प्रायमर आणि रंग घरी, शेवटचं पीयू क्लिअर गाळ्यातल्या पेंटरकडून. सुटे केलेले भाग रिक्षात टाकून नेले, काकांनी त्यांच्या बूथमध्ये दोन हात क्लिअर मारून दिलं. त्यांना तयार माल मिळाला म्हणून त्यांनी पैसेही बेताचे घेतले. मेहनतीचं नव्वद टक्के काम पृष्ठभाग तयार करण्याचंच असतं, ते तुम्ही केलंत. विषारी दहा टक्के ज्याच्याकडे सोय आहे त्याला दिलंत.

ही वाट धरणार असाल तर रंग घेतानाच ठरवा. वर पीयू क्लिअर येणार असेल तर खाली वन-के अ‍ॅक्रिलिक बेसकोट घ्या. तो वाळल्यावर मातकट, निस्तेज दिसतो, घाबरू नका; चमक क्लिअरची असते. मात्र नुसता बेसकोट क्लिअरशिवाय उन्हापावसात ठेवू नका. एनसीवर पीयू क्लिअर मारणारे आहेत, पण खालचा थर जाड किंवा कच्चा असेल तर तो उचलतो. आधी क्लिअर मारणाऱ्याला विचारा, मगच डबा उघडा.

क्लिअर मारणारा कुणीच नसेल आणि सगळं एनसीतच उरकायचं असेल तर टाकीपुरता पंपावर एक सुती रुमाल सोबत ठेवा. मी पहिल्या टाकीला दोन वर्षं तेच केलं.

स्प्रे कॅन घेऊ की गन आणि कॉम्प्रेसर?

टाकी, मडगार्ड, साइड पॅनल एवढंच असेल तर कॅन. पूर्ण स्कूटर असेल तर गन. अख्खी मोटार असेल तर आपला नाद सोडा, निदान पहिल्या खेपेला.

कॅनमध्ये दाब हळूहळू उतरतो आणि शेवटी शेवटी नोझल थुंकायला लागतं. म्हणून शेवटचा थोडा माल टाकून द्यायची तयारी ठेवा. आतली गोळी सुटून खुळखुळायला लागल्यावर पुढे पूर्ण दोन मिनिटं हलवा. बहुतेक लोक अर्ध्या मिनिटात कंटाळतात आणि मग रंग फिका आला म्हणून दुकानदाराशी भांडतात. थंडीत कॅन कोमट पाण्याच्या बादलीत पाच मिनिटं ठेवला तर फवारा बारीक येतो. कोमट म्हणजे कोमटच. गॅसवर, गरम पाण्यात, उन्हात तापलेल्या बॉनेटवर ठेवायचा नाही.

गनमध्ये वर कप असलेली, रंगासाठी १.३ किंवा १.४ मिमी नोझलची गन घ्या. प्रायमर घट्ट असतो, त्याला १.७ च्या आसपास लागतं. कॉम्प्रेसर भाड्यानं मिळतो. छोटा, टायरात हवा भरायचा पंप इथे कामाचा नाही. त्याला दम लागतो आणि मधेच दाब पडतो. कॉम्प्रेसरच्या टाकीच्या तळातलं पाणी आधी काढा आणि नळीवर पाणी अडवणारा फिल्टर लावा, नाहीतर रंगावर पाण्याचे पुटकुळे येतात.

किती रंग लागेल?

माझा हिशेब: मोटारसायकलच्या टाकीला ४०० मिलीचा एक कॅन प्रायमर, दोन कॅन रंग. चेतकसारख्या पत्र्याच्या स्कूटरला गननं साधारण एक लिटर रंग, आणि एनसी असेल तर जवळपास तितकंच थिनर मिसळायला. गन धुवायला आणखी एक लिटर थिनर वेगळं, स्वस्तातलं. मिसळायला मात्र रंगाच्याच कंपनीचं थिनर घ्या. आणि सगळा रंग एकाच वेळी मिसळून घ्या. अर्ध्यात संपला आणि दुसऱ्या दिवशी नवीन करून आणला तर डावं पॅनल उजव्याला ओळख दाखवत नाही.

रंग कुठला निवडू? मेटॅलिक का नको?

मेटॅलिकमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. हात हळू गेला, जवळ गेला, थर ओला पडला की ते कण एका जागी जमतात आणि ढगांसारखे चट्टे दिसतात. मधली दुरुस्ती तर दिसतेच दिसते. साधा पांढरा, पिवळा, पोपटी, निळा, लाल घ्या. काळा सोपा वाटतो, पण तो प्रत्येक पोचा आणि प्रत्येक ओरखडा चावडीवर आणतो. पांढरा आणि फिका राखाडी चुका पोटात घालतात.

मूळचाच रंग हवा असेल तर कोड शोधा. मोटारीत तो बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो. मारुतीचा साधा पांढरा म्हणजे २६यू, हे रंगाच्या दुकानातल्या पोरालाही पाठ असतं. जुन्या स्कूटरला कोडबिड काही नसतं. तिथे डिकीचं झाकण काढून आतल्या बाजूचा, ऊन न लागलेला रंग दुकानदाराला दाखवा. तो मशीनवर मिळवून देईल. दिव्याखाली नाही, दुकानाबाहेर उन्हात जुळवून बघा.

आणि हो, आरसी बुकावर गाडीचा रंग लिहिलेला असतो. लालची निळी केलीत तर आरटीओत नोंद बदलून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. मिलिटरीचा ऑलिव्ह ग्रीन मात्र खासगी गाडीला मारायला मोटार वाहन नियमांनी बंदी आहे. बुलेटवाल्या दोन मित्रांना हे सांगून मी मैत्री पणाला लावली आहे.

जुना रंग पूर्ण खरवडायचा का?

आधी ओळखा. सीटखालच्या न दिसणाऱ्या जागी एनसी थिनर भिजवलेलं फडकं दहा सेकंद दाबून धरा. रंग फडक्यावर उतरला तर जुना रंग एनसीच्या जातीचा. सुरकुतला, फुगला तर इनॅमल. काहीच झालं नाही तर कंपनीचा भट्टीतला किंवा पीयू रंग, आणि तुमचं नशीब चांगलं. असा घट्ट रंग खरवडू नका; त्याच्याइतका उत्तम पाया तुम्ही पुन्हा बनवू शकत नाही. तो नुसता घासून मॅट करा. इनॅमल निघालं तर मात्र सगळं उतरवा. जिथे पोपडे निघतायत, गंज फुगलाय, तिथे पत्र्यापर्यंत जाणं भागच आहे. चेतकचा पायाखालचा पत्रा रबर मॅट उचलून बघा; पाणी तिथेच मुरतं.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून रंग कोरडा घासू नका, पाणी लावून घासा, आणि लहान मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका.

प्रायमर आणि लांबीचं काय?

हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड गेटसाठी ठेवा. बहुतेक वेळा तो इनॅमलच्या जातीचा असतो आणि वर एनसी मारला की उचलतो. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर सर्वांत चांगला; दोन भागांचा असतो, कातडीला त्रास देतो, हातमोजे घाला. छोट्या कामाला वन-के प्रायमर सरफेसर पुरतो.

लांबी दोन प्रकारची. पोचा भरायला पॉलिस्टरची, हार्डनर मिसळून. पंधरा-वीस मिनिटांत आवळते, म्हणून एका वेळी लिंबाएवढीच कालवा. ही कोरडीच घासा, कारण ती पाणी पिते आणि मग आतून गंज सुरू होतो. दुसरी एनसी पुट्टी, फक्त केसाएवढे ओरखडे आणि टाचणीची भोकं भरायला. मी एनसी पुट्टीनं अख्खा पोचा भरला होता. छान दिसला. महिन्याभरात पुट्टी आत बसली आणि पोचा पुन्हा जागेवर, आता नव्या रंगासकट.

घासायला कुठल्या नंबरचा पॉलिश पेपर?

कडा उतरवायला १८० ते २२०, मग ३२०. प्रायमरवर ४०० ते ६००. शेवटच्या रंगावर घासून चमक काढायची तर १५०० आणि २०००, मग कंपाउंड (चमक काढायची पेस्ट). पेपर लाकडी ठोकळ्याला किंवा रबराला गुंडाळा. बोटांनी घासलं की बोटांचेच चर पडतात.

पावसाळ्यात रंग मारला तर?

एनसीवर पांढरट झाक येते. थिनर उडताना पृष्ठभाग गार करतं, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगात अडकते. कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर विसराच. आपली खरी अडचण दसरा. त्या दिवशी गाडीला हार घालायचा म्हणून सगळे आदल्या आठवड्यात रंगायला काढतात आणि नेमका परतीचा पाऊस येतो. रिटार्डर (सावकाश उडणारं) थिनर मिसळलं तर झाक कमी होते, पण मी तर म्हणतो जुनी गाडीच पुजा आणि दिवाळीनंतर काम काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, सकाळी दहानंतर, दव सुकल्यावर. विदर्भात एप्रिल-मेमध्ये उलटा प्रकार: रंग पत्र्यावर पोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि हाताला खरखर लागते. तिथे संथ थिनर घ्या आणि भर उन्हाची वेळ टाळा.

प्लास्टिकचे भाग?

पॅनलच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. एबीएस असेल तर नीट घासून, धुऊन साधा प्रायमर धरतो. पीपी असेल तर आधी प्लास्टिक प्रायमर लागतोच, नाहीतर पहिल्या धुण्याला रंग सालीसारखा सुटतो.

प्रत्यक्ष मारताना काय सांभाळू?

आधी तेलाच्या रिकाम्या पंधरा किलोच्या डब्यावर हात बसवा. डब्याला सपाट बाजू आहे, कोपरे आहेत, घड्याही आहेत. स्कूटरवर जे जे येणार ते सगळं त्यावर आहे. कॅन साधारण वीतभर अंतरावर, गन त्याहून थोडी जवळ. ट्रिगर भागाच्या बाहेर दाबा, बाहेर गेल्यावर सोडा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवा. मनगट नाही, अख्खा हात सरकवा. पहिला हात नुसता धुकं पडल्यासारखा. तो बघून मन खट्टू होतं आणि तिथेच लोक जास्त मारून ओघळ आणतात. दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दुसरा. एनसीला असे चार-पाच पातळ हात लागतात.

रंग मध्येच फाकतो, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पेंट खराब आहे का?

पेंट बिचारा बरा आहे. पत्र्यावर तेल किंवा सिलिकॉन आहे. टायर आणि डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश, चेनचा स्प्रे, केसांचं तेल लागलेला हात, यातलं काहीतरी. घासण्याच्या *आधी* भांड्यांच्या साबणानं धुवा, मग ग्रीस काढणाऱ्या द्रवानं पुसा. आधी घासून मग धुतलं तर तेल ओरखड्यांत मुरतं.

पार्किंगमध्ये मारलं तर चालेल?

सोसायटीला विचारून, मीटर बोर्डापासून आणि गॅस गीझरच्या खिडकीपासून लांब. थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत सरपटते आणि ठिणगी शोधते. विडी-सिगारेट नाहीच, उदबत्तीही नाही. वाफेच्या मास्कला कार्बनची काडतुसं लागतात. साधा कापडी मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतो, थिनर नाही. जमिनीवर पाणी शिंपडा, धूळ बसते. भोवती जुन्या साड्या किंवा प्लास्टिक लावा, पण हवेला वाट ठेवा.

साड्या मी लावल्या नव्हत्या. एनसीचा फवारा हवेतच वाळून भुकटी होतो आणि वाऱ्यावर जातो. तीन गाड्या सोडून उभ्या असलेल्या शेजाऱ्यांच्या पांढऱ्या गाडीवर माझा पोपटी रंग बसला. हात फिरवला तर बारीक पॉलिश पेपर. क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) आणून दोन रविवार त्यांची गाडी घासली, तिसऱ्या रविवारी त्यांनी चहाला बोलावलं.

उरलेल्या रंगानं हेल्मेट रंगवू का?

नाही. हेल्मेटचं कवच बऱ्याचदा एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटचं असतं. थिनरनं त्याला बारीक तडे जातात, ते दिसत नाहीत, आणि कळतं ते डोकं आपटल्यावर. स्टिकर लावायचा असेल तरी हेल्मेट कंपनीच्या सूचना वाचा.

गाडी कधी बाहेर काढू?

एनसी तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला दिवस लागतात. पार्ट जोडायला निदान तीन दिवस थांबा, नाहीतर रबराचे आणि वॉशरचे ठसे रंगात बसतात. नट आवळताना पान्याला टेप गुंडाळा. महिनाभर पॉलिश नको, कव्हरही नको. कव्हराखाली दमट हवा कोंडते. आणि पहिल्यांदा पेट्रोल भरताना नोझल स्वतःच्या हातात घ्या. पंपावरचा पोऱ्या हसेल, हसू द्या.